पट्टीबाई आणि सहाचा आकडा

पट्टीबाईंना मी ओळखत होतो असं म्हणायची माझी छाती नाही. नऊ वर्षांत नऊ वेळा आम्ही त्यांच्या गावाला गेलो, दर वेळी आठ दिवस, एका वर्षी पंधरा. मिळून एकोणऐंशी दिवस होतात. त्यातही सकाळचा अर्धा तास आणि संध्याकाळचं जिन्यातलं बोलणं सोडलं तर त्या त्यांच्या कामात आणि आम्ही आमच्या भटकण्यात. त्यांचं माहेर कुठलं, शाळा किती झाली, एकट्या असताना त्या काय करायच्या, यातलं मला काही माहीत नाही. तरी मागच्या महिन्यात त्यांच्या दिरांचं पत्र आलं, की होडीवाले मिळून गाव पाहायला येणाऱ्यांसाठी एक छोटं पुस्तक छापताहेत, त्यात वहिनींवर चार पानं हवीत, आणि ती मी लिहावीत, कारण माझं अक्षर चांगलं आहे.

अक्षर चांगलं असणं आणि लिहिता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असं मी उलट टपाली कळवलं. मी चाळीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवल्या. एका वेळी सात-आठ शब्दांपलीकडे कधी लिहिलेलं नाही, आणि तेही दुसऱ्यानं सांगितलेले. त्यावर त्यांचं कार्ड आलं : "काका, मग सात-सात शब्दच लिहा, पण लिहा." आमची ही म्हणाली, "बसा आता. तुम्हाला नीट नाही म्हणता येत नाही, हे त्यांना कळलंय."

म्हणून बसलो आहे. कुठं चुकलं तर दिरांनी दुरुस्त करावं.

गाव लहान आहे. बसमधून उतरलं की एकच रस्ता उताराला लागतो आणि नदीवर जाऊन संपतो. दोन्ही अंगांना दुकानं : एक सायकल दुरुस्तीचं, एक शिंप्याचं, एक दोर-बादल्या-खिळे विकणारं, मग टपाल कचेरी. रस्ता संपतो तिथं दगडी पायऱ्या आणि खाली बांधलेल्या नऊ होड्या. पायऱ्यांच्या डोक्यावर लोखंडी चौकटीत एक काळा फळा आहे. गाव पाहायला आलेल्यानं आधी फळा पाहायचा, मग गाव.

त्याचं कारण नदीच्या वरच्या अंगाला असलेलं धरण. तिथून पाणी कधी सोडतील आणि किती, याचा नेम नसतो. आणि पाहण्यासारखं जे काही आहे ते सगळं पाण्याच्या उंचीवर चालतं. पायऱ्यांच्या डाव्या हाताला पाण्यात एक दगडी खांब आहे. त्यावर फुटाफुटाला आडव्या खाचा कोरल्या आहेत आणि खाचेशेजारी आकडे रंगवले आहेत, एक ते बारा. हीच पट्टी. पाणी तीनच्या खाली असलं की खालच्या बाजूचे खडक उघडे पडतात आणि पाण्यानं घोटून केलेले रांजणासारखे खळगे चालत जाऊन पाहता येतात. चार ते सातच्या मध्ये असलं तर होडीनं घळीतून धबधब्यापर्यंत जाता येतं. चारच्या खाली होडी वाळूत बसते, सातच्या वर घळ कोणाचं ऐकत नाही. आणि मधलं बेट, ज्यावर जुना दिव्याचा मनोरा आहे, ते सहाला बंद. बेटाच्या पायऱ्या सहाला कोरड्याच दिसतात. पण सहा झालं की बेटाच्या नाकाशी पाणी आतून ओढतं आणि होडी धक्क्याला धरून ठेवता येत नाही. हा नियम होडीवाल्यांच्याच बापजाद्यांनी ठरवलेला.

पट्टी वाचायची, वहीत लिहायची, पाण्याच्या कचेरीला फोन करायचा आणि फळ्यावर आज काय उघडं, काय बंद ते लिहायचं, हे बाईंचं काम. आधी त्यांचे यजमान करायचे. ते गेल्यावर कचेरीनं बाईंना 'तात्पुरतं' सांगितलं, आणि मग दर वर्षी एकेक वर्षानं वाढवत शेवटपर्यंत तात्पुरतंच ठेवलं. माडीवरची खोली त्या पाहुण्यांना द्यायच्या. आम्ही उतरायचो ती हीच. दोन पलंग, एक टेबल, भिंतीत ठोकलेल्या चार खुंट्या आणि नदीकडे एक, रस्त्याकडे एक अशा दोन खिडक्या.

पहिल्या वर्षी मी त्यांना विचारलं होतं, "ती पाणचक्की पाहण्यासारखी आहे का?"

"कायम उघडी असते," त्या म्हणाल्या.

"म्हणजे पाहण्यासारखी?"

"कायम उघडी असते," त्यांनी पुन्हा सांगितलं. आम्ही गेलो. एक चाक होतं, तेही पडलेलं. परत आल्यावर त्यांनी काही विचारलं नाही, फक्त चहाचं पातेलं आमच्याकडे सरकवलं. तेव्हापासून त्या एखाद्या जागेबद्दल काय बोलत नाहीत याकडे मी लक्ष द्यायला शिकलो.

लोक त्यांच्याशी रोज हुज्जत घालायचे. लांबून आलेला एखादा म्हणायचा, "बाई, एवढं साडेसहाचं साडेपाच करा ना. पोरं रडताहेत." बाई खडूची भुकटी झटकत म्हणायच्या, "मी नुसती लिहिते. खालीवर करणारे धरणावर बसतात. पोरांना घेऊन तिकडं जा." होडीवाल्यांत सगळ्यात मोठे त्यांचे दीर. ते वहिनींशी भांडल्याशिवाय होडीचा दोर सोडायचे नाहीत, पण भांडून झाल्यावर फळ्याप्रमाणेच वागायचे. गावात तिऱ्हाईतानं पाण्याचा विषय काढला तर दीर म्हणायचे, "आमच्या वहिनींना विचारा. आम्ही काय, वल्हं मारणारी माणसं."

सहाव्या वर्षी गेलो तेव्हा पट्टीवरचे आकडे पार विटले होते. चार आणि नऊ ओळखू येत नव्हते.

"तीन वर्षं कचेरीला लिहितेय," बाई म्हणाल्या. "रंगारी पाठवतो म्हणतात. बहुतेक चालत निघालाय."

मी आपणहून कधी काही बोलत नाही. त्या दिवशी कसं कोण जाणे, तोंडातून निघून गेलं, "मी काढून देऊ का आकडे?"

मी भर चौकात गाणं म्हणायला उभा राहिल्यासारखं हिनं माझ्याकडे पाहिलं.

"कचेरीला विचारायला हवं," बाई म्हणाल्या. मग जरा थांबून, "विचारलं तर आणखी तीन वर्षं जातील. काढा."

पाणी अडीचवर होतं. दिरांनी खांबाशी होडी आडवी बांधून दिली. मी चारपासून नऊपर्यंतचा जुना रंग खरवडून दगड साफ केला. जुने आकडे सहा-सहा इंचांचे, आणि खाचेच्या वर बसवलेले होते, जसं फळीवर भांडं ठेवतात. मला ते बेढब वाटलं. आमच्या कामात बाजूला रेघ असली की आकड्याचा मध्य त्या रेघेच्या ओळीत आणतात, म्हणजे डोळ्याला तोल सापडतो. आधीचा रंगारी नवशिका असणार, असं मी मनात म्हटलं. मी आकडे नऊ इंचांचे केले, ठसठशीत, खाच बरोबर पोटाशी. दोन दिवस लागले. होडीवाले पायऱ्यांवर बसून पाहत होते. एक जण म्हणाला, "काका, आता नदीलाही कळेल आपण कुठपर्यंत आलो ते." मला आनंद झाला, हे लिहायला लाज वाटते, पण झाला.

तिसऱ्या दिवशी धरणातून पाणी सुटलं. चौथ्या दिवसापासून सलग तीन सुट्ट्या होत्या. सकाळी आठपासून बसमागून बस उतरत होती, आणि फळ्यावर बाईंनी लिहिलं होतं : पाणी सहा. धबधबा उघडा. बेट बंद.

लेकुरवाळी माणसं बेटावरच जातात. धबधब्याला दोन तास लागतात, मुलं कंटाळतात. होडीवाल्यांची सुट्टीतली कमाई बेटावर. दीर फळ्यासमोर उभे राहिले.

"वहिनी, सहा नाही. साडेपाच असेल."

"पट्टी सहा म्हणते."

"माझं वल्हं साडेपाच म्हणतंय."

"वल्ह्यावर आकडे काढलेत का? हे काका आहेत इथं, काढून देतील."

सगळे हसले. दीरही हसले. दुसऱ्या दिवशी पाणी तेवढंच, फळा तोच, आणि कोणी हसलं नाही. बेटाच्या पायऱ्या उन्हात कोरड्या दिसत होत्या. लोक बोटं दाखवून विचारत होते आणि होडीवाले बाईंकडे बोट दाखवत होते. कोणीतरी मोठ्यानं म्हणालं, "बाईंचं वय झालं. दिसत नाही म्हणायला लाजतात." त्या संध्याकाळी होडीवाल्यांनी कचेरीला पत्र लिहिलं : बाईंची नजर गेली आहे, पट्टी वाचायला दुसरं माणूस द्यावं. सगळ्यांनी सह्या केल्या. दिरांची सही पहिली.

सुट्टीच्या तिसऱ्या दिवशी दीर फळ्याकडे न पाहता होडीत अकरा माणसं बसवून बेटावर गेले. मी खिडकीतून पाहत होतो. बाई पायऱ्यांच्या डोक्यावर हात बांधून उभ्या होत्या. त्या ओरडल्या नाहीत. तास-दीड तासानं होडी परत आली. अकराच्या अकरा माणसं कोरडी, मुलं हात हलवत होती. बाईंनी माणसं मोजली, म्हणजे त्यांचे ओठ हलत होते, आणि मग त्या घरात गेल्या. त्यानंतर दिवसभर सगळ्या होड्या बेटावर गेल्या. फळ्यावर 'बेट बंद' तसंच होतं. पोरंसुद्धा ते वाचून हसत होती.

दिवेलागणीला बाई वर आल्या. आमच्या खोलीत त्या कधी बसत नसत. रस्त्याकडच्या खिडकीशी उभं राहून म्हणाल्या, "काका, ती समोरच्या दोरवाल्याची पाटी वाचा बरं."

मी वाचली.

"खालची बारीक ओळ?"

तीही वाचली.

"मलाही तीच दिसते," त्या म्हणाल्या. "की पाठ आहे म्हणून दिसते, कोण जाणे. एकोणीस वर्षं तीच पाटी आहे." हिनं त्यांना पाणी दिलं. त्यांनी भांडं नुसतं हातात धरलं. "डोळे गेले असतील तर मीच सोडते. पण मला कळायला तर हवं. उद्या सकाळी तुम्ही येता का माझ्याबरोबर वाचायला?"

पट्टी वाचताना मी त्यांच्या शेजारी कधी उभा राहिलो नव्हतो. त्या एका ठरावीक दगडावर उभ्या राहून वाचायच्या, वरून दहावी पायरी, कारण पाणी सुटलेलं असताना खाली खांबाशी चालत जाता येत नाही. पाणी गढूळ, लहान लहान लाटा खांबावर आपटत होत्या.

"सांगा," त्या म्हणाल्या. "पाण्यानं सहाचा पाय ओला केलाय की नाही?"

"केलाय."

"मग सहाच ना?"

"पण खाच कुठं आहे?" मी विचारलं.

"खाच या पाण्यात कोणाला दिसते! रेघ लाटेत हरवते, आकडा हरवत नाही. ह्यांनी मला असंच शिकवलं. पाय ओला म्हणजे पूर्ण, डोकं बुडालं म्हणजे अर्धा वर. सहा इंचांचा आकडा, अर्धा फूट."

मी पायरीवर बसलो. जुने आकडे खाचेवर उभे होते ते कोणा नवशिक्यामुळे नव्हे. तो आकडा म्हणजेच माप होतं. मी त्याला मोठा केला आणि खाली ओढला. माझ्या सहाचा पाय सहाच्या खाचेच्या चार-साडेचार इंच खाली लोंबत होता, आणि पाणी तिथं पोचलं की बाई सहा वाचत होत्या. हे मी त्यांना सांगितलं. कसं सांगितलं ते आठवत नाही. वाक्य धड नव्हतं एवढं नक्की. 'सुंदर दिसावं म्हणून' हे शब्द तीनदा आले.

बाईंनी वही मिटली. मग म्हणाल्या, "म्हणजे डोळे ठीक आहेत?"

"अगदी ठीक आहेत."

"माझे डोळे ठीक आहेत," त्या स्वतःशीच म्हणाल्या, आणि माझ्याशेजारी पायरीवर बसल्या.  मला वाटलं आता रागावतील. त्या म्हणाल्या, "रंगवल्यावर मी एकदा टेप लावून बघायला हवं होतं. आकडे इतके छान दिसत होते की मोजायचं सुचलंच नाही."

बांधलेल्या होडीत उतरून, दोर खांबाला अडकवून, त्यांनी सातच्या खाचेपासून पाण्यापर्यंत टेप सोडली. एक फूट साडेचार इंच. म्हणजे पाणी साडेपाचच्या जरासं वर. दिरांचं वल्हं बरोबर होतं.

त्यांनी फळा पुसला आणि लिहिलं : पाणी साडेपाच. धबधबा उघडा. बेट उघडं. गेले तीन दिवस पट्टी चुकीची वाचली. चूक माझी.

मी म्हटलं, "माझं नाव लिहा त्यात."

"पट्टी माझी आहे," त्या म्हणाल्या. "आणि बाहेरच्या माणसाला हात लावू दिला हे कचेरीला कळलं, तर डोळ्यांचं राहील बाजूला."

दिरांनी फळा वाचला आणि टाळी वाजवली. "म्हणजे मी बरोबर होतो!"

"पाण्याबद्दल बरोबर," बाई म्हणाल्या. "फळा न वाचता गेलात त्याबद्दल नाही. उद्या खरंच सहा असेल तेव्हा काय करणार आहात?"

दीर होडीकडे वळले. पण पत्र तर गेलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे आम्ही निघायच्या दिवशी, कचेरीतून साहेब आले. तरुण होते, पँटच्या घड्या जपत उतार उतरत होते. होडीवाले एका बाजूला, बाई एकट्या फळ्याशी. मी आणि ही सामान घेऊन वर उभे. साहेबांनी पत्र वाचून दाखवलं, मग पट्टीकडे पाहिलं.

"ही कोणी रंगवली?"

"मी," बाई म्हणाल्या.

"आकडे सुरेख आहेत."

बाईंनी हातावरची भुकटी झटकली.

साहेबांनी फळ्याखालचा खडू उचलून त्यांच्या हातात दिला. "एक सहा काढून दाखवा बरं."

बाईंनी काढला. त्यांचा सहा कमरेत लचकलेला होता, शेपूट भलतीकडे. रोज गाव तो पाहत होतं. कोणीतरी फिस्सकन हसलं. साहेबांनी एकदा त्या सहाकडे आणि एकदा खांबावरच्या सहाकडे पाहिलं. बाईंचे कान लाल झाले होते. माझ्या हातातली पिशवी हिनं काढून घेतली आणि माझ्या पाठीत बोट खुपसलं.

मी चार पावलं पुढं झालो. "साहेब, मी..."  दीर म्हणाले, "काका, तुम्ही पाहुणे. तुम्ही मधे पडू नका." मी म्हटलं, "मी पाट्या रंगवतो. आकडे माझे आहेत. चूक त्यातच आहे. त्यांचे डोळे चांगले आहेत." माझ्या मानानं ते भाषणच होतं. होडीवाले एकमेकांकडे पाहू लागले. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत उपकाराची भावना नव्हती. खोटं पकडलं गेल्याचा तो वैताग होता.

साहेबांनी सगळं लिहून घेतलं. परवानगीशिवाय पट्टीला हात लावू दिला, हा दोष. निकाल लागेपर्यंत बाईंनी वाचायचं आणि कचेरीला कळवायचं, पण फळ्यावर लिहायचं नाही. होडीवाल्यांनी आपापल्या जबाबदारीवर ठरवावं. एकोणीस वर्षांचं काम त्यांनी दोन वाक्यांत बाजूला ठेवलं. वाईट माणूस नव्हता. जाताना बाईंना म्हणाला, "या वर्षीची मुदत वाढवायची की नाही, ते यावरच ठरेल. मी माझ्या बाजूनं बरं लिहीन."

आम्ही बस सोडून दिली. हीच म्हणाली, "आता कुठं जाता? घोळ घालून ठेवलाय, निस्तरेपर्यंत बसा."

पुढचे चार दिवस बाई सकाळी पट्टी वाचायच्या, टेप लावूनच, फोन करायच्या, आणि मग नदीकडे पाठ करून स्वयंपाकघरात बसायच्या. तांदूळ निवडून झाले तरी निवडायच्या. नऊ वाजता मला विचारायच्या, "काय लिहिलंय?"

पहिल्या दिवशी फळ्यावर पाच लिहिलं होतं, ते खोडून साडेपाच, ते खोडून 'अंदाजे पाच'. दुसऱ्या दिवशी दोन होडीवाले फळ्याच्या दोन टोकांना दोन वेगळे आकडे लिहून मोकळे झाले. पाहुणे मधे उभे राहून दोन्हीकडे माना वळवत होते. एक कुटुंब म्हणालं, "आपण त्या पाणचक्कीलाच जाऊ, ती उघडी असते म्हणे." तिसऱ्या दिवशी धरणानं पाणी कमी केलं. पट्टी पावणेचार होती, बाईंनी वहीत लिहिलेली. पण होडीवाल्यांनी ठरवलं सव्वाचार आहे, आणि एक होडी धबधब्याला गेली. ती घळीच्या तोंडाशी वाळूत बसली. आठ माणसं बूट हातात घेऊन गुडघाभर पाण्यातून काठाला आली आणि तीन मैल चालत गावात. त्यातल्या एका आजोबांनी होडीवाल्याला जे सुनावलं ते या पुस्तकात छापता येणार नाही.

चौथ्या संध्याकाळी दीर आले. दारातच उभे राहिले.

"या भावजी," बाई म्हणाल्या. "मी आहे, पण दिसणार नाही मला तुम्ही. नजर गेलीय."

"वहिनी, फळा घ्या."

"कचेरीनं काढून घेतलाय."

"आम्ही कचेरीला लिहिलंय. पुन्हा सगळ्यांनी सह्या केल्यात."

"पहिली कोणाची?"

"माझीच," दीर म्हणाले आणि खाली बसले. "सकाळचे दोन तास भांडणात जातात. एक हो म्हणाला की दुसरा नाही म्हणतो. तुम्ही होतात तेव्हा सगळे मिळून तुम्हाला नावं ठेवायचो, पण नऊला होड्या सुटायच्या. शिव्या द्यायला एक माणूस लागतं, वहिनी. आपापसात दिल्या की काम होत नाही."

बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "चूक झाली तेव्हा मी फळ्यावर लिहिली. सगळ्या गावानं वाचली. तुम्ही माझ्या डोळ्यांबद्दल लिहिलंत ते कचेरीच्या कागदावर आहे. ते कोण पुसणार?"

"रागात लिहिलं हो."

"रागात शुद्धलेखन बरं होतं तुमचं. साहेबांनी वाचून दाखवलं तेव्हा ते एकदाही अडखळले नाहीत." मग त्या गंभीर झाल्या. "फळा लिहून खडू खाली ठेवेपर्यंत कोणी दोर सोडायचा नाही. मी चुकले असं वाटलं तर समोर टेप लावायला सांगा, मी उतरेन. पण आधी जायचं आणि मग म्हणायचं, हे नाही. अकरा माणसं होती तुमच्या होडीत. ती परत येईपर्यंत मी कशी उभी होते, ते तुम्हाला माहीत नाही."

दीर उठले. "बरं," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं : बाईंचे डोळे ठीक आहेत. खाली : सर्व होडीवाले. बसमधून उतरलेले पाहुणे ते वाचून एकमेकांना विचारत होते, "कोण बाई? काय झालं होतं त्यांना?" बाईंनी ते दिवसभर पुसू दिलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीच कचेरीचा फोन आला : ताकीद, काम पुढं चालू, फळा बाईंकडे. आणि आकडे आधी होते तसे तातडीनं करून घ्यावेत.

ते मीच केले. पाणी उतरलं होतं. बाई होडीत माझ्यासमोर फूटपट्टी घेऊन बसल्या होत्या. सहा इंचाला सूतभरही वर जाऊ देत नव्हत्या. "पाय खाचेवर. नाही, खाचेवर म्हणजे खाचेवर." चाळीस वर्षांत इतके अवघडलेले आकडे मी काढले नव्हते. झाल्यावर त्यांनी प्रत्येकाला टेप लावली, वहीत लिहिलं, आणि मला सही करायला लावली. पंधराव्या दिवशी आम्ही निघालो.

त्यानंतर आणखी तीन वेळा गेलो. तो विषय पुन्हा कोणी काढला नाही. दीर रोज सकाळी फळ्यासमोर भांडायचे, आणि कधी कधी "टेप लावा" म्हणायचे. मग बाई काही न बोलता उतरायच्या. टेप आणि फळा जुळले की दीर मागं वळून सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडायचे, "बरोबर आहे!" जणू त्यांनीच मोजलं. हे मी पाहिलं तेवढ्यात तरी एकदाही चुकलं नाही. त्या तीन वर्षांत बाई थोड्या वाकल्या, पण वाचायला दगडावर त्याच जायच्या.

त्यानंतर माझे गुडघे गेले आणि जाणं राहिलं. त्या गेल्याचं कार्ड दिरांनी पाठवलं. वाचून आल्या, वही मिटली, आणि खुर्चीत बसल्या त्या बसल्याच, एवढंच होतं त्यात. वहीत आकडा लिहिलेला होता आणि फळ्यावर त्याच दिवशी दिरांनी तो उतरवला, असंही होतं.

शेवटच्या वर्षी निघालो ती सकाळ मला आठवते, कारण विशेष काही घडलं नाही. ही सामान घेऊन पुढं बसथांब्यावर गेली होती. मी किल्ली खुंटीला लावली आणि रस्त्यावर आलो. बाई पायऱ्यांवर होत्या, हातात वही. माझ्याकडे पाठ होती. पावलांचा आवाज ऐकून त्या वळल्या.

"निघालात?"

"हो. साडेसातची बस."

"माडीचं दार ओढून घेतलंत ना? मांजर शिरतं आत, आणि मग गादीवर झोपतं."

"ओढून घेतलं."

"कडी घातलीत?"

"घातली."

"बरं मग," त्या म्हणाल्या. "या."